ऑन-रोल की रिटेनर? चॅनेलच्या ऑफिसात पगाराचा आकडा विचारण्याआधी

"किती मिळतात गं तिथे?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाची मुलगी विचारते, कधी एखाद्या नातेवाइकाला आपल्या लेकासाठी माहिती हवी असते. चॅनेल म्हटलं की लोकांना अँकर आणि सेट दिसतो. मी बसते ती खुर्ची वेगळी आहे. शेड्युलिंग आणि ट्रॅफिक, म्हणजे कुठली मालिका, कुठला प्रोमो, कुठली जाहिरात किती वाजून किती सेकंदांनी लागणार याचा लॉग बनवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच तसा लागला का ते तपासायचं. एफपीसी (कार्यक्रमांचं ठरलेलं वेळापत्रक), आरओ (जाहिरातीची लेखी ऑर्डर) आणि टीसी (जाहिरात लागल्याचं प्रमाणपत्र) हे आमचे रोजचे शब्द. प्रोग्रामिंग ॲडमिन, सेल्स कोऑर्डिनेशन, प्रॉडक्शन अकाउंट्स ही सगळी आमचीच भावंडं.

आधी आकडे सांगते, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय. हे माझ्या ओळखीतल्या लोकांचे आहेत, मुंबईतले. मराठी चॅनेलमध्ये अगदी नवीन माणसाला महिना १८ ते २५ हजार. मोठ्या नेटवर्कच्या हिंदी चॅनेलवर तेच काम २५ ते ३५. चार-पाच वर्षं टिकलात आणि लॉग एकट्याने काढता यायला लागला की ४० ते ६०. ट्रॅफिकचा मॅनेजर ८० हजार ते लाखाच्या वर. नाशिक-कोल्हापूरकडच्या एफएममध्ये १२-१५ हजारांवर सुरुवात केलेले मित्र आहेत, आणि तिथे एकच माणूस लॉगही काढतो, बिलंही पाठवतो.

पण हे आकडे घेऊन लगेच हिशोब मांडू नका. मी मांडला होता आणि त्यात पुरती फसले.

एप्रिल २०२२. मला एका चॅनेलमधून महिना ३५ हजारांची ऑफर आली. त्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या मित्राला दुसरीकडे ४ लाख २० हजार सीटीसी, म्हणजे कंपनी त्याच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च, मिळालं. पस्तीस गुणिले बारा, चार लाख वीस. दोघांचं सारखंच, असं म्हणून आम्ही दादरला मिसळ खाल्ली. पहिल्या महिन्याअखेर त्याच्या खात्यात २७,२६७ रुपये आले. माझ्या हिशोबाने मला ३१,५०० येणार होते. मला वाटलं, मी जिंकले.

माझ्या कागदावर 'रिटेनरशिप ॲग्रीमेंट' लिहिलेलं होतं. सही करताना मी फक्त आकडा आणि तारीख वाचली. म्हणजे मी नोकर नाही, दरमहा ठरलेलं मानधन घेणारी बाहेरची व्यक्ती. ऑफिसात याला सरळ 'ऑफ-रोल' म्हणतात. माझा मित्र 'ऑन-रोल', म्हणजे कंपनीचा पगारी कर्मचारी होता. टेबल तसंच, काम तसंच, गळ्यात आयकार्डही असतंच. फक्त आयकार्डाच्या पट्ट्याचा रंग वेगळा असतो, आणि त्या रंगाचा अर्थ मला सप्टेंबरपर्यंत कळला नाही.

त्याचे २७ हजार का आले ते आधी बघू. सीटीसी ४,२०,०००. त्यात मूळ पगार ४० टक्के, म्हणजे महिना १४,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ त्यावर १२ टक्के, १,६८० रुपये, सीटीसीतूनच धरलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी वर्षाला आठ हजारांच्या आसपास, तीही त्यातच. व्हेरिएबल १० टक्के, ४२,०००, वर्षाच्या शेवटी मिळाले तर मिळाले. हे सगळं वजा करून महिन्याला राहतात २९,१४७. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,६८० आणि व्यवसाय कर २०० गेला की २७,२६७. म्हणजे दिसायला माझ्यापेक्षा चार हजार कमी, पण पीएफच्या खात्यात दरमहा ३,३६० जमा होतायत, दोन्ही वाटे धरून. शिवाय पगारी रजा, स्वतःचा आणि आई-वडिलांचा ग्रुप मेडिक्लेम, आणि प्रत्येक महिन्याची सॅलरी स्लिप. ही स्लिप पुढे फार महागाची वस्तू ठरते, त्यावर येतेच.

आणि माझे? मला दर महिन्याला इनव्हॉइस द्यावा लागायचा, 'टू प्रोफेशनल सर्व्हिसेस' असं लिहून. त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर. इनव्हॉइस मंजूर व्हायला आठवडा, मग पेमेंट सायकल. पहिल्या महिन्याचे पैसे जूनच्या मध्यावर आले. तोवर घणसोलीतल्या पीजीचं भाडं बाबांनी भरलं.

सप्टेंबरात मला डेंग्यू झाला. अठरा दिवस घरी, त्यातले पाच हॉस्पिटलात. परत आले तर अकाउंट्समधले एक जण, अगदी सभ्य माणूस, माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, इनव्हॉइस १२ दिवसांचा टाका हं." मी विचारलं, आजारपणाची रजा? ते म्हणाले, "रजा एम्प्लॉयींना असते." ३५ हजारांचे झाले १४ हजार, त्यावर टीडीएस १,४००, हातात १२,६००. हॉस्पिटलचं बिल ४६ हजार. माझ्या शेजारच्या खुर्चीवर, माझ्याच शिफ्टमध्ये, माझंच काम करणाऱ्या मुलीला त्याच महिन्यात टायफॉइड झाला होता. तिच्याकडे ऑन-रोलचा पट्टा होता. तिचं बिल मेडिक्लेमने भरलं आणि पगार पूर्ण आला. मला तिचा राग आला नाही. मी सही करताना वाचलं नाही याचा मात्र अजून त्रास होतो.

टीडीएसचं तर याहून वाईट. कापलेले पैसे गेले, असं मी धरून चालले होते. आमच्या घरात कुणी कधी रिटर्न भरलेलं नाही. दीड वर्षाने, २०२३ च्या नोव्हेंबरात, एका मैत्रिणीच्या सीएने फॉर्म २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून दाखवला. माझ्या पॅनवर त्या वर्षाचे ३९,९०० रुपये जमा पडलेले. उत्पन्न ५ लाखांच्या आत, त्यामुळे कर शून्य, सगळी रक्कम परत मिळण्याजोगी. ३१ जुलैची मुदत उलटून गेल्यामुळे १,००० रुपये विलंब शुल्क भरून ३१ डिसेंबरच्या आत रिटर्न टाकलं आणि पैसे आले. डिसेंबरही उलटला असता तर? म्हणून सांगते, रिटेनर असाल तर रिटर्नची मुदत कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा. पगारदारांना मिळतो तो दाखला (तेव्हाचा फॉर्म १६) मिळत नाही, टीडीएसचा वेगळा दाखला (तेव्हाचा १६ए) मिळतो, तो मागून घ्या. रिटर्नचा पगारदारांचा साधा फॉर्म, आयटीआर-१, तुम्हाला चालत नाही. व्यवसाय करही आपला आपण भरायचा असतो. एकदा सीएकडे जा, दोन हजार रुपये घेईल, द्या.

मग रिटेनर घ्यायचंच नाही का? तसं नाही, घाबरू नका. या क्षेत्रात सुरुवातीला बऱ्याच जणांना तेच मिळतं, मीही त्यातूनच वर आले. फक्त भाव बरोबर लावा. वर्षाच्या २४ रजा ३५ हजारांच्या हिशोबाने २८ हजारांच्या होतात. आई-वडिलांसह मेडिक्लेम स्वतः काढला तर तीसेक हजार जातात, वय जास्त असेल तर अजून. कर, सीए, उशिरा येणारे पैसे. समोर ४ लाख २० हजारांची ऑन-रोल नोकरी असेल तर रिटेनरवर निदान ४२ हजार मागा. ३५ ला हो म्हणालात तर तुम्ही कमी पगार घेताय, एवढं कळून मग हो म्हणा.

आता पगार कशाने वाढतो. लोक सांगतील अनुभव, डिग्री, ओळख. माझं मत असं की तुम्ही पैशाच्या किती जवळ बसता यावर सगळं ठरतं. प्रोग्रामिंग ॲडमिनमध्ये टेप, करार, एपिसोडची यादी सांभाळणारी माणसं जीव ओतून काम करतात आणि त्यांचा पगार सगळ्यात हळू वाढतो. ट्रॅफिकमध्ये चूक झाली की थेट बिल अडकतं, म्हणून ट्रॅफिकच्या माणसाला किंमत येते.

एक प्रसंग सांगते. गणपतीचे दिवस, महाएपिसोड. आरओमध्ये एका ब्रँडचे चार स्पॉट, म्हणजे जाहिराती, संध्याकाळी ७ ते ७.३० च्या बँडमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत. एपिसोड लांबला, ब्रेक सरकला, आणि लॉगमध्ये पहिल्या स्पॉटसमोर वेळ उमटली १९:३१:१२. बहात्तर सेकंदांनी बँड गेला. जाहिरात एजन्सी अशा स्पॉटचे पैसे देत नाही, आणि त्या चार स्पॉटची रक्कम माझ्या महिन्याच्या मानधनाहून जास्त होती. पुढच्या तासात घुसवावेत तर तिथे जागा नाही. नियमाने तासाला १२ मिनिटं, १० जाहिरातींची आणि २ स्वतःच्या प्रोमोंची, आणि सणात ती आधीच भरलेली. आमच्या शिफ्टचे सीनियर, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी मला टीसी निघायच्या आधी एजन्सीला फोन लावायला सांगितला. दुसऱ्या दिवसाच्या त्याच बँडमध्ये मेक-गुड, म्हणजे बदली स्पॉट देतो, मेलवर होकार द्या. होकार आला, बिल वाचलं. पुढच्या मार्चमध्ये मला ऑन-रोल घ्यायची चर्चा निघाली तेव्हा असे सात मेल मी प्रिंट काढून नेले होते. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं, आणि तेवढं पुरलं.

तेव्हा काय शिकायचं, तर एक्सेल. खरंखुरं, पिव्हट टेबल आणि व्हीलुकअपसकट, कारण आरओ आणि लॉग जुळवणं म्हणजे दुसरं काही नसतं. ब्रॉडव्ह्यू किंवा वाइडऑर्बिटसारखं ट्रॅफिक सॉफ्टवेअर कामावर शिकवतात. त्यासाठी तीन महिन्यांच्या 'मीडिया मॅनेजमेंट'च्या कोर्सला ८० हजार देऊ नका. माझ्या ओळखीत त्या सर्टिफिकेटवर कुणाचा पगार वाढलेला मला माहीत नाही. आणि जे सीनियर म्हणतात "आत्ता पैशाचं बोलू नकोस, आधी शीक," त्यांच्यापासून जरा लांब राहा. दादांनी मला काम शिकवलं आणि पैसे कसे मागायचे तेही शिकवलं. मला तोच गुरू खरा वाटतो.

सरकारी बाजूबद्दल थोडं, कारण गावाकडून हाच प्रश्न जास्त येतो. आकाशवाणी आणि दूरदर्शन प्रसार भारतीखाली येतात. कायदा १९९० चा, महामंडळ उभं राहिलं १९९७ मध्ये. नियमित पदांना सातव्या वेतन आयोगाचे स्तर लागतात. कनिष्ठ लिपिक स्तर २, मूळ १९,९००. वरिष्ठ लिपिक स्तर ४, मूळ २५,५००. वर महागाई भत्ता, आणि घरभाडे भत्ता मुंबई-पुण्यात ३० टक्के, नागपुरात २०, रत्नागिरीत १०. तेच पद, तोच स्तर, फक्त गाव बदललं तरी रक्कम बदलते. पण नियमित भरती फार कमी. ज्या जाहिराती दिसतात त्यातल्या बऱ्याचशा करारावरच्या, एकत्रित मानधनाच्या असतात. नैमित्तिक उद्घोषकाला महिन्यात जास्तीत जास्त सहा ड्यूट्या मिळतात. त्यावर घर चालेल असं समजून नोकरी सोडू नका. इथेही कागदच बोलतो. ५ ऑक्टोबर २००७ च्या आधी रुजू झालेले लोक केंद्र सरकारचे कर्मचारी मानले जातात, प्रतिनियुक्तीवर असलेले. नंतरचे प्रसार भारतीचे. एकाच खोलीत, एकाच फाइलवर काम करणाऱ्या दोघांची सेवा वेगळी धरली जाते.

सॅलरी स्लिपचं राहिलंच. २०२४ मध्ये ऑन-रोल होताना एचआरने मागच्या तीन महिन्यांच्या स्लिप मागितल्या. माझ्याकडे इनव्हॉइस होते. दोन वर्षांचा अनुभव त्यांनी 'कन्सल्टन्सी' म्हणून अर्धा धरला, आणि पगार अर्ध्या अनुभवाचा लागला. बँकेनेही बाबांच्या दुचाकीच्या कर्जाला सह-अर्जदार म्हणून मला घेतलं नाही. तुम्ही ऑफ-रोल असाल तर दर सहा महिन्यांनी विभागप्रमुखांकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात पद, कामाचं स्वरूप आणि तारखा असू द्या. लोक सहज देतात, मागितलं तर. मी मागितलं नव्हतं.

ऑफर आली की फोनवर लाजू नका. विचारा, पेरोल कुणाचा, चॅनेलचा की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा? पीएफ कापणार का? व्हेरिएबल किती, आणि मागच्या वर्षी ते प्रत्यक्षात किती दिलं? नाइट शिफ्टला घरापर्यंत गाडी आहे का? इनव्हॉइस दिल्यापासून पैसे किती दिवसांत? मी नवीन मुलींच्या वतीने हे प्रश्न लिहून देते आणि आजवर यामुळे कुणाची ऑफर गेलेली नाही. उत्तर मेलवर मागा. आणि मुंबईत येताना दोन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि लोकलचा पास एवढे पैसे हातात ठेवून या, कारण रिटेनरचं पहिलं पेमेंट तिसऱ्या महिन्याच्या मध्यावरही येऊ शकतं.