ब्रॉड्सवर भाड्याची बोट घेतली तर बुटक्या पुलाखालून कशी काढायची

इंग्लंडमधे राहणारे आपले बरेच लोक उन्हाळ्यात आईबाबा आले की लंडन, स्टोनहेंज वगैरे करतात आणि मग प्रश्न पडतो आता कुठे. आम्ही मागच्या वर्षी नॉरफोक ब्रॉड्सला गेलो, चार दिवस बोटीतच राहायचं, बोटीतच स्वयंपाक आणि बोट आपणच चालवायची. लायसन्स लागत नाही, बोटयार्डवाला अर्धा तास शिकवतो आणि किल्ली हातात देऊन मोकळा होतो. ब्रॉड्स म्हणजे मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणून काढली, त्या खड्ड्यांत पुढे पाणी शिरलं आणि तळी झाली, ती तळी आणि त्यांना जोडणाऱ्या नद्या, सगळं धरून सुमारे 200 किलोमीटरचा जलमार्ग. एकही लॉक नाही, म्हणजे दरवाजे उघडबंद करायची कटकट नाही. कठीण पेपर एकच, तो म्हणजे पूल.

आता पुलांची उंची बघा. बोटीच्या नकाशात प्रत्येक पुलाचा आकडा असतो, तो नेहमीच्या भरतीच्या पाण्याला कमानीखाली किती जागा उरते त्याचा. एकल नावाच्या गावच्या पुलाला 12 फूट, तिथे काही विचार करायची गरज नाही. लडमला साडेआठ. रॉक्समला सात-सव्वासात. आणि पॉटर हायगमला साधारण पावणेसात, तो पूल मध्ययुगातला, मधे एक गोल कमान आणि बाजूला दोन टोकदार, आणि त्या मधल्या गोल कमानीतूनच जायचं. आमच्या बोटीत स्टिअरिंगसमोर स्टिकर होता, कॅनोपी, म्हणजे दुमडून खाली पाडता येणारं छप्पर, वर असताना किती उंची आणि खाली पाडल्यावर किती. हा स्टिकर पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाचून दाखवा, आमच्याकडे आईने तो आकडा पाठ केला आणि चार दिवस तीच आमची सेफ्टी ऑफिसर होती.

पण नकाशातला आकडा म्हणजे फक्त अंदाज. खरा आकडा पुलाजवळच्या गेज बोर्डवर, पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी असते ती, पाणी ज्या आकड्याला टेकलंय तेवढी जागा आत्ता या क्षणाला कमानीच्या मधोमध शिल्लक आहे. पाणी चढलं की आकडा कमी होतो. आमचे बाबा मालवणचे, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढली, ती साफ चुकली, कारण ते गणित आपल्या किनाऱ्याचं. इथे समुद्र ग्रेट यारमथला आत शिरतो आणि तिथून वर नदीत पाणी पोचायला कित्येक तास लागतात, त्यामुळे यारमथचं टाइमटेबल बघून पॉटर हायगमला जाऊ नका, आपण ज्या पुलावर जाणार तिथली वेळ यार्डवाल्याला विचारून घ्या. पण बाबांचं एक बरोबर होतं, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त लक्ष ठेवायचं. त्यात उत्तरेचा जोरदार वारा सुटला असेल तर नॉर्थ सीचं पाणी आत ढकललं जातं आणि ओहोटीलाही नीट उतरत नाही, वर पाऊस झाला असेल तर बघायलाच नको. अशा दिवशी स्टिकर आणि नकाशा जुळले तरी बोर्ड नाही म्हणत असेल तर नाही.

अजून एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. कमान गोल असते आणि बोटीचं छप्पर सपाट. मधोमध जागा आहे म्हणून छपराचे कोपरे निघतीलच असं नाही, बोट हातभर जरी एका बाजूला सरकली तरी तो कोपरा दगडाला लागतो. म्हणून दोन-तीन इंचांच्या फरकावर हिशोब करू नका, आणि रुंद बोट असेल तर अजिबातच नाही.

पॉटर हायगम आणि रॉक्समला हा सगळा विचार तुम्ही करायचाच नाही, तिथे पायलट असतो. भाड्याच्या बोटीने त्या दोन पुलांखालून स्वतः जायचं नाही, बोट बाजूला बांधायची, पायलटला बोलवायचं, तो येऊन बोट पलीकडे नेऊन देतो. त्याचे पैसे कोण देणार, वेळ घ्यायला लागते का, हे बोट घेतानाच विचारा, कारण काही बोटी त्या कमानीतून जातच नाहीत आणि ते तिथे पोचल्यावर कळलं तर पॉटर हायगमच्या पलीकडचं हिकलिंगचं तळं बघायचं राहून जातं. आमचा पायलट आला, बोर्डकडे एकदा बघितलं, आम्हाला सगळ्यांना खाली बसवलं आणि दोन मिनिटात बोट बाहेर. मी चार दिवसांत जितकं स्टिअरिंग फिरवलं त्याच्या दहावा हिस्सा पण त्याने फिरवलं नाही, ते बघूनच मी शिकलो.

स्वतः जायचं असा पूल म्हणजे लडम, अ‍ॅण्ट नदीवरचा. अरुंद आहे, एका वेळी एकच बोट, आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे लाइन. पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे बोट बांधायला जागा आहे, तिचा वापर करा. आधी बांधा, मग शांतपणे कॅनोपी पाडा, विंडस्क्रीन आडवी होत असेल तर ती करा, पुढची झेंड्याची काठी काढा, छपरावर वाळत टाकलेले टॉवेल, सायकली, पोरं, सगळं खाली. पोरं छपरावर ठेवून कोणी पुलाखाली जाताना दिसतं तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. कॅनोपी पाडल्यावर बऱ्याच बोटींत सगळ्यात उंच वस्तू म्हणजे चालवणाऱ्याचं डोकं असतं, हे लक्षात ठेवा, वाकूनसुद्धा समोरचं दिसेल अशी पोझिशन आधीच करून बघा.

मग सोडा आणि बोट लांबूनच सरळ करा. हेच महत्त्वाचं, बाकी सगळं याच्यापुढे किरकोळ. पुलाच्या तोंडाशी येऊन सरळ करायला गेलात तर उशीर झालेला असतो, कारण बोट गाडीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही, ती मधे कुठेतरी खिळा ठोकल्यासारखी फिरते, पुढचं टोक डावीकडे गेलं की मागचं उजवीकडे जातं. कमानीचा मध्य आणि बोटीचं नाक एका रेषेत, आणि ही रेष निदान चार-पाच बोटींच्या लांबीआधी जमली पाहिजे. जमली नाही तर थांबा, मागे घ्या, परत या. मागे लाइन लागलेली असली तरी लागू दे.

वेग हळू, पण एकदम बंद नाही. सुकाणूवर पाणी जात असेल तरच बोट ऐकते, थ्रॉटल न्यूट्रलला टाकलं की ती कुठेही भरकटते. आणि पुलाखाली घाबरून रिव्हर्स मारू नका, रिव्हर्सला सुकाणूचा उपयोग जवळपास नसतो आणि मागची बाजू एकीकडे ओढली जाते. मी पहिल्या दिवशी नेमकं हेच केलं. अर्ध्यात गेल्यावर वाटलं की डावीकडे लागतंय, रिव्हर्स मारला, मागचा उजवा कोपरा दगडाला घासला, तो आवाज अजून कानात आहे. सुदैवाने रबरी पट्टीवरच निभावलं. करारात डॅमेज वेव्हर, म्हणजे नुकसान भरून देण्यातून सूट, घेतला असेल तरी पुलाचं नुकसान त्यात धरलंय का ते वाचा, अनेकदा नसतं.

कोणाला आधी जायचं हा वाद होतो. आपल्याकडे घाटात चढणाऱ्या गाडीला वाट देतात ना, इथे उलटं, प्रवाहाबरोबर येणाऱ्याला आधी सोडायचं, कारण त्याला थांबता येत नाही. पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते पाण्यात तरंगणाऱ्या पानाकडे बघून कळतं. तुम्ही स्वतः प्रवाहाबरोबर असाल तर पुलाशी येईपर्यंत वेग वाटतो त्यापेक्षा जास्त असतो, तेव्हा अजून लवकर सरळ व्हा. शिडाची बोट समोर असेल तर दम धरा, तिला डोलकाठी पाडून जायचं असतं.

कमानीत शिरल्यावर हात बाहेर नाही. भिंत जवळ आली की ढकलायची इच्छा सगळ्यांनाच होते, माझ्या बायकोलाही झाली, पण बोटीचं वजन काही टन असतं, मधे हात सापडला तर हाताचंच वाईट होतं. घासली तर घासू दे. नाक बाहेर आलं की लगेच वळायची घाई नको, मागची बाजू अजून आत आहे, ती भिंतीला जाऊन आपटते. पूर्ण बाहेर या, मग वळा.

यारमथबद्दल वेगळं सांगतो, उत्तरेच्या नद्यांतून दक्षिणेला जायचं तर तिथले पूल लागतात, उंची सातच्या आसपास, आणि ओहोटीला तिथे पाणी खूप जोरात धावतं. तिथे पाणी थांबायची वेळ, म्हणजे ओहोटी संपल्यावर तासाभराचा सुमार, तीच पकडायची आणि आधी तिथल्या यॉट स्टेशनला, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्याच्या ऑफिसला, फोन करून विचारायचं. पहिल्यांदा बोट घेतली असेल तर मी तर म्हणेन यारमथ सोडून द्या, वरच्या नद्यांतच चार दिवस संपत नाहीत.

आणि परतीचा विचार आधी करा. पॉटर हायगमच्या वर गेलात आणि रात्रीत पाणी चढलं तर बोट परत खाली येत नाही, उतरेपर्यंत तिथेच. आमचं तसंच झालं, सकाळी पायलटने बोर्ड बघून मान हलवली आणि दुपारी या म्हणाला. मग आईने बोटीतल्या दोन बर्नरवर कांदेपोहे केले, आणि बाबा दर अर्ध्या तासाने जाऊन त्या पट्टीवरचे इंच मोजून येत होते.