कोरियन क्रियापदं: तक्ता ठेवा बाजूला, तीन रूपं पाठ करा

कोरियन शिकणारा क्रियापदांपाशी पोहोचला की त्याच्या हातात एक भलामोठा तक्ता येतो. आडवे काळ, उभे आदराचे सात स्तर आणि प्रत्येक चौकोनात एक रूप. हा तक्ता पाठ करून बोलायला लागलेलं माणूस मला अजून भेटायचं आहे. बरं, कोरियन लोकांचा स्वतःचा शब्दकोशही क्रियापद असं मांडत नाही. तो काय करतो ते पुढे येईलच.

हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचता येतं हे धरून चालते. येत नसेल तर मूळ अक्षरं 24 आहेत, ती आधी करा आणि मग इकडे या. रोमन लिपीच्या कुबड्या घेऊन क्रियापदांच्या वाटेला जाऊच नका. इथे कोरियन शब्द देवनागरीत दिलेत ते फक्त उच्चारासाठी. दीर्घ ‘ऊ’ आपला नेहमीचा. ह्रस्व ‘उ’ मात्र ओठ गोल न करता, ताणून म्हणायचा. ‘ऑ’ आणि ‘ओ’ हे दोन वेगळे स्वर आहेत, त्यांची गल्लत नको. ‘ज’ जीवमधला, जाळ्यातला नव्हे. ‘च’ चहामधला, चाकातला नव्हे.

धातू

शब्दकोशातलं रूप ‘दा’नं संपतं. तो काढला की धातू उरतो: गादा (जाणे) – गा, मॉक्-दा (खाणे) – मॉक्. झालं.

लिंग, वचन, पुरुष यांची कटकट नाही. गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेल्या या सगळ्यांना मिळून एकच ‘गास्सॉयो’. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

‘आहे’चा घोळ

यावर एक परिच्छेद खर्च करते, कारण मराठी माणूस इथे हमखास घसरतो. आपण ‘ती विद्यार्थिनी आहे’, ‘ती घरी आहे’ आणि ‘ती सुंदर आहे’ ही तिन्ही वाक्यं एकाच ‘आहे’वर भागवतो. कोरियनमध्ये ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. नामाला ‘इएयो’ किंवा ‘येयो’ जोडायचं. असण्याला, म्हणजे कुठे तरी असण्याला किंवा जवळ असण्याला, ‘इस्सॉयो’. आणि ‘सुंदर असणे’ हे एक अख्खं क्रियापदच आहे: येप्पुदा, त्याचं ‘येप्पॉयो’. त्याला वर आणखी ‘आहे’ चिकटवायचं नाही. थंड, तिखट, कठीण, महाग हे सगळे शब्द तिकडे क्रियापदांसारखेच चालतात. म्हणून पुढे जे सांगते ते त्यांनाही लागू आहे.

प्रत्ययांची तीन घराणी

प्रत्यय शेकड्यांनी आहेत, पण धातूला चिकटण्याच्या पद्धती मुख्यतः तीनच.

पहिलं घराणं व्यंजनानं सुरू होणाऱ्या प्रत्ययांचं: ‘गो’ (आणि, करून), ‘जिमान’ (पण), ‘गो शिपॉयो’ (करावंसं वाटतं). हे धातूला जसेच्या तसे लागतात. गागो, मॉक्को. ‘मॉक्को शिपॉयो’ म्हणजे खावंसं वाटतंय. लिहिताना ‘गो’च असतो, उच्चारात मागच्या व्यंजनामुळे तो घट्ट होतो.

दुसरं घराणं ह्रस्व ‘उ’चं: ‘उम्यॉन’ (तर), ‘उसेयो’ (आदरार्थी), ‘उल् कॉयेयो’ (भविष्य). धातू व्यंजनान्त असेल तर ‘उ’ राहतो, स्वरान्त असेल तर गळतो. मॉगुम्यॉन, पण गाम्यॉन. ‘मॉक्’चा ‘मॉग्’ झाला म्हणून दचकू नका. अक्षर तेच आहे, दोन स्वरांच्या मध्ये सापडलं की मऊ होतं.

तिसरं घराणं ‘आ/ऑ’चं, आणि रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त राबतं ते हेच. धातूतला शेवटचा स्वर आ किंवा ओ असेल तर ‘आयो’, इतर कुठलाही असेल तर ‘ऑयो’. मॉक् – मॉगॉयो, बात् (मिळणे, घेणे) – बादायो. ‘हादा’ (करणे) कुठल्याच नियमात बसत नाही, त्याचं ‘हेयो’ होतं. सुरुवात त्यानेच करा, कारण नामाला ‘हादा’ जोडून बनलेली क्रियापदं ढिगानं आहेत: गोङ्बूहादा (अभ्यास करणे), योरीहादा (स्वयंपाक करणे), जॉन्ह्वाहादा (फोन करणे). एक रूप आलं की सगळी आली.

स्वराला स्वर भिडला की संधी होतो. गा + आयो = गायो, ओ + आयो = वायो (येणे), बो + आयो = ब्वायो (पाहणे), माशि + ऑयो = माश्यॉयो (पिणे), बेऊ + ऑयो = बेवॉयो (शिकणे). यण्‌ संधी शाळेत केलेल्यांना हे नव्यानं शिकावं लागू नये.

आता खरी अडचण: रूप बदलणारे धातू

बहुतेकांची गाडी इथे अडते. माझीही बराच काळ अडली होती, म्हणून इथे जरा सविस्तर.

‘दुत्-दा’ म्हणजे ऐकणे. नियमानं ‘दुदॉयो’ व्हायला हवं, होतं ‘दुरॉयो’. मग ‘दात्-दा’ (बंद करणे) याचं ‘दारायो’? नाही, ते सरळ ‘दादायो’. शब्दकोशातलं रूप पाहून कोण सरळ आणि कोण वाकडा हे कळायला काहीही मार्ग नाही. त्यावर कडी म्हणजे ‘मूत्-दा’. त्याचा अर्थ विचारणे असेल तर ‘मूरॉयो’ आणि जमिनीत पुरणे असेल तर ‘मूदॉयो’. स्पेलिंग अगदी एकच.

यावर मिळणारा नेहमीचा सल्ला असा: अनियमित क्रियापदांचे गट आहेत, त्यांची नावं आणि नियम पाठ करा. करून पाहा. परीक्षेत रिकाम्या जागा भरता येतील. पण समोरच्यानं काही विचारलं की आधी गट आठवायचा, मग नियम, मग रूप. तोवर तो माणूस बसमध्ये चढून गेलेला असतो.

त्याऐवजी प्रत्येक क्रियापद पहिल्या दिवसापासून तीन रूपांत पाठ करा, प्रत्येक घराण्यातलं एक: गो, उम्यॉन, आयो/ऑयो. ‘दुत्-दा’ असं सुटं लिहायचंच नाही. लिहायचं:

दुत्को – दुरुम्यॉन – दुरॉयो (ऐकणे)
दात्को – दादुम्यॉन – दादायो (बंद करणे)
चूप्को – चूऊम्यॉन – चूवॉयो (थंडी असणे)
इप्को – इबुम्यॉन – इबॉयो (कपडे घालणे)
मोरुगो – मोरुम्यॉन – मोल्लायो (माहीत नसणे)
बाप्पुगो – बाप्पुम्यॉन – बाप्पायो (कामात असणे)

आता नीट पाहा. पहिल्या स्तंभात कोणीही वाकडं जात नाही. ‘गो’समोर सगळे धातू सभ्य असतात. वाकडेपणा दिसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या स्तंभात, म्हणजे प्रत्यय स्वरानं सुरू होतो तिथे. ‘मोरुदा’ आणि ‘बाप्पुदा’ तर फक्त तिसऱ्यात बदलतात. एवढं लक्षात आलं की अनियमित म्हणून केलेला निम्मा बाऊ तिथेच संपतो.

ही माझी शक्कल नाही. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेच्या प्रमाण शब्दकोशात ‘दुत्-दा’ उघडा. शब्दापुढे तीन रूपं दिलेली दिसतील: दुरॉ, दुरुनी, दुन्नुन. तीच तीन घराणी, फक्त नमुन्याचे प्रत्यय वेगळे. शंका आली की तिथेच बघायचं, कोणाच्या व्हिडिओत नाही.

तरी ढोबळ अंदाज हवाच असेल तर घ्या. ‘प्’नं संपणारे गुणवाचक शब्द बहुतेक सगळे वाकडे: ऑर्‍यॉप्-दा (कठीण) – ऑर्‍यॉवॉयो, मेप्-दा (तिखट) – मेवॉयो. अरुंद या अर्थाचा ‘जोप्-दा’ अपवाद, त्याचं ‘जोबायो’. ‘दोप्-दा’चं (मदत करणे) ‘दोवायो’ होतं. हा ‘वा’ फार थोड्यांना मिळतो, बाकी सगळीकडे ‘वॉ’च. ‘रु’नं संपणारे बहुतेक ‘ल्ल’ करतात: बूरुदा (हाक मारणे, गाणे) – बूल्लॉयो.

आणि रोमन लिपी का नको, ते इथे कळेल. ‘नात्-दा’ (बरं होणे) कानाला ‘त्’ लागतो, पण हांगुलमध्ये तिथे ‘स’चं अक्षर आहे. त्याचं रूप ‘नाआयो’, मधला ‘स’ गायब. गायब झाला तरी त्याची जागा राहते, म्हणून ‘गायो’सारखा संधी करून ‘नायो’ म्हणायचं नाही. ‘ऊत्-दा’ (हसणे) यातही तेच अक्षर आहे आणि ते मात्र टिकतं: ऊसॉयो. नुसत्या कानावर किंवा रोमन स्पेलिंगवर विसंबलात तर ‘त्’मागे द आहे की स, हेच कळणार नाही.

‘ल्’नं संपणाऱ्या धातूंची खोड निराळी. सालदा (राहणे): सालगो – सालम्यॉन – सारायो. ‘उ’ लागतच नाही, आणि न, ब, स यांच्यासमोर ‘ल्’ स्वतःच पळतो. म्हणून ‘कुठे राहता?’ हे ‘ऑदी सासेयो?’ होतं. ‘सादा’ (विकत घेणे) याचंही ‘सासेयो’च. संदर्भावरून कळतं, घाबरू नका.

काळ

भूतकाळ: तिसऱ्या रूपाचा ‘यो’ काढा, ‘स्सॉयो’ लावा. गास्सॉयो, दुरॉस्सॉयो, हेस्सॉयो. भविष्यकाळ दुसऱ्या घराण्यातून: गाल् कॉयेयो, दुरुल् कॉयेयो. तीन रूपं पाठ असतील तर यात नवं काही नाही.

इंग्रजी पुस्तकं बाजूला ठेवा

तिसऱ्या रूपातला ‘यो’ काढल्यावर जे उरतं त्याला दुसरी क्रियापदं जोडता येतात. इंग्रजी पुस्तकं त्यावर पानंच्या पानं समजावत बसतात. आपल्याला त्याची गरज नाही.

मॉगॉ बोसेयो – खाऊन पाहा. ‘बोदा’ म्हणजे पाहणेच.
मॉगॉ बॉर्‍यॉस्सॉयो – खाऊन टाकलं. ‘बॉरिदा’ म्हणजे टाकणे.
सॉ दूदा – लिहून ठेवणे.
गादो द्वेयो? – गेलं तर चालेल का?
गाया हेयो – जायला पाहिजे.

इंग्रजीत ‘खाऊन पाहा’चा ‘ट्राय’ होतो आणि पाहणं हरवतं. मराठीतून शिकलात तर निम्मं काम झालेलंच आहे. मात्र प्रत्येक ‘-ऊन’ तिसऱ्या रूपात ढकलू नका. ‘जेवून गेले’ यात आधी एक आणि मग दुसरं एवढाच क्रम आहे, तिथे पहिलं घराणं लागतं: मॉक्को गास्सॉयो.

आदर

सात स्तर विसरा. ‘यो’वालं बोलणं पक्कं करा. बातम्या, भाषणं, घोषणा समजायला ‘म्निदा’ ओळखता आलं की पुरे: स्वरान्त धातूला ‘म्निदा’ (गाम्निदा), व्यंजनान्ताला ‘सुम्निदा’.

‘यो’ हा ऐकणाऱ्याचा मान. ‘सेयो’मध्ये दडलेला ‘शि’ (शि + ऑयो = सेयो) हा ज्याच्याविषयी बोलतोय त्याचा मान. म्हणून तो स्वतःला कधीच लावायचा नाही. ‘ऑदी गासेयो?’ (कुठे निघालात?) असं विचारल्यावर उत्तर ‘जिबे गायो’ (घरी जातेय). ऐकलेलं क्रियापद तसंच परत करून ‘जिबे गासेयो’ म्हणणारे मी वर्गावर्गात पाहिलेत.

आणि मालिकांमधलं बोलणं उचलताना सांभाळा. तिथे मित्र, भावंडं, प्रेमिक बोलत असतात आणि ‘यो’ गळलेला असतो. ‘मॉगॉ!’ म्हणजे ‘खा!’. वर्गमैत्रिणीला ठीक. शिक्षिकेला किंवा दुकानदाराला म्हणालात तर चेहरे बघण्यासारखे होतील.

सराव

रोज वापरायची वीस क्रियापदं निवडा: दहा सरळ, दहा वाकडी. प्रत्येकाचं त्रिकूट मोठ्यानं म्हणा, चालीवर म्हणा, पाढ्यांसारखं. डोळ्यांनी वाचून हे बसत नाही. मग प्रत्येक त्रिकुटावर तीन छोटी वाक्यं: करावंसं वाटतं, केलं तर, केलं.

त्यानंतर उलटा प्रवास. मालिकेतला दोन मिनिटांचा प्रसंग घ्या, वाक्याच्या शेवटचं क्रियापद पकडा आणि त्यावरून शब्दकोशातलं रूप शोधा. ‘मोल्ला’ – मोरुदा. ‘चूवॉ’ – चूप्-दा. ‘दुरॉस्सॉ’ आलं की मात्र थांबा. ते ‘दुत्-दा’ (ऐकणे) असेल किंवा ‘दुल्दा’ (उचलणे) असेल, दोघांचं तिसरं रूप एकच आहे. मधलं म्हणून बघा: ऐकण्याचं ‘दुरुम्यॉन’, उचलण्याचं ‘दुल्म्यॉन’. मग त्या प्रसंगात कोणाच्या हातात पिशवी आहे का, ते पाहायचं.