परदेशी निघण्याआधी नागपूरभोवती हिंडून घ्या

ऑफर लेटर साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर येतं आणि जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं. मधले महिने व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) आणि नातेवाइकांकडच्या जेवणांत जातात. त्यातले काही रविवार राखून ठेवा. भूशास्त्र, वनशास्त्र किंवा पुरातत्त्व शिकायला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. तिकडे एक्सकर्शनला नेतात, खडकासमोर उभं करतात आणि विचारतात, तुमच्याकडे काय आहे? तेव्हा संत्र्यांवर भागत नाही.

भूशास्त्रवाल्यांची इथे चंगळ आहे. सीताबर्डीची टेकडी दख्खनच्या लाव्ह्याची, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची. पुस्तकात 'कामठी फॉर्मेशन' हा खडकांचा थर पाठ केलेला असतो, तो आपल्या या छावणीच्या कामठीचाच. जवळच्या सिलेवाड्याच्या वालुकाश्मात ग्लोसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळाले. नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात ते गोळा केले होते. पुढे मनसरला मँगनीज, त्याहून कितीतरी जुन्या खडकांत. खाणीत शिरायला परवानगी लागते, म्हणून कॉलेजातल्या विभागाचं पत्र आधीच मागून ठेवा. सर लोक मे महिन्यात सापडत नाहीत.

मनसरलाच वाकाटक राजघराण्याच्या काळच्या अवशेषांचं उत्खनन झालंय आणि रामटेक तिथून हाकेच्या अंतरावर. गडावर सगळे राममंदिरात जातात; वाटेतल्या केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटककालीन शिलालेख आहे, तो बघायला थांबा. खाली नगरधन, म्हणजे नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथून राज्य चालवायची. हे तिकडे सांगितलं की लोक खुर्ची पुढे ओढून ऐकतात.

काटोल रोडवरचं जुनापाणी मात्र पावसाळ्याआधीच करा, नंतर गवतात काही दिसत नाही. लोहयुगातली सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. मधोमध उभं राहून फोटो काढू नका, दगडांजवळ बसा. काहींवर बोटाचं पेर मावेल एवढे खळगे ओळीने कोरलेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते ठळक दिसतात, दुपारी गायब.

वनशास्त्रवाल्यांनी मार्च-एप्रिलात पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या बाजूच्या एखाद्या गावात पहाटे जावं. मोहाची फुलं रात्रभर टपटपतात आणि बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या आत येतात. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तो विस्तव कधी कधी रानात पसरतो. वणवा, रोजगार आणि वनहक्क, तिन्ही विषय एका झाडाखाली. मग तिथल्या मावशीला विचारायचं, यंदा मोह कसा आहे? त्या भरभरून सांगतात. फॉर्म भरून घ्यायला गेलात तर गप्प बसतात.

चारच्या वर माणसं नेऊ नका, बसभर पोरं गेली की पिकनिक होते. पहाटे निघा, मेमध्ये दहानंतर ऊन सोसत नाही. तर्री पोहे परतताना. वहीत तारीख, जागा, काय दिसलं आणि कोण काय म्हणालं, हे त्याच दिवशी उतरवा. बिया, माती बॅगेत टाकू नका: युरोपात बियाण्यांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं आणि विमानतळावर ऐनवेळी वाद घालून उपयोग होत नाही.

विमान पोळ्यानंतरचं असेल तर दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, सोडू नका. काळी-पिवळी मारबत आणि त्या वर्षीच्या राजकारणावरचे बडगे (टिंगल करणारे पुतळे) बघायला इतवारीत लवकर जागा धरावी लागते.