वाडीतील दारिद्र्याचा अभ्यास कसा करावा

कोकणातील गावाचे सर्वेक्षण हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नावली छापण्यापूर्वी गावातील वाड्या पायी फिरून पाहाव्यात. एकाच ग्रामपंचायतीत कुणबीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी, कोळीवाडा आणि डोंगराच्या पायथ्याशी कातकरवाडी असू शकते. नळ, शाळा आणि एसटीचा थांबा यांपासून कोणती वाडी किती दूर आहे, एवढ्या नोंदीतूनच विषमतेचा पुष्कळसा आराखडा हाती लागतो.

त्यानंतर नेमके काय मोजायचे, हे ठरवावे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही दारिद्र्याची कसोटी धरली होती. पोट भरते का, याचे उत्तर तिच्यातून मिळते. पण चार लोकांत जसे राहण्याची रीत आहे तसे राहता येते का, हा प्रश्न शिल्लक राहतो आणि ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांच्या १९७९ मधील अभ्यासाचा भर त्यावरच आहे. त्यांची ब्रिटनमधील प्रश्नावली येथे जशीच्या तशी उपयोगी पडणार नाही. गणपतीला घरी आलेल्या माणसांचे करण्यासाठी कर्ज काढावे लागते का, भावकीतल्या लग्नाला जाणे टाळावे लागते का, असे प्रश्न विचारावेत.

उत्पन्नाच्या रकान्यावर मात्र फार विसंबू नये. मुंबईच्या पैशावर बांधलेले चिरेबंदी घर पाहून ते कुटुंब सुस्थितीत आहे असे लिहिणे सोपे असते, परंतु त्या घरात एकटी राहणारी म्हातारी दवाखान्यापर्यंत कशी जाते, हे विचारल्याशिवाय ती नोंद पूर्ण होत नाही. हातातील साधनांपेक्षा त्यांतून माणसाला प्रत्यक्षात काय करता येते ते पाहावे, असे अमर्त्य सेन म्हणतात, ते अशा घरी चटकन पटते.

सर्वेक्षणाचा महिनाही विचारपूर्वक निवडावा. यॉर्क शहराच्या १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीबोम राउंट्री यांनी बालपण, लहान मुले असण्याचा काळ आणि म्हातारपण या टप्प्यांवर दारिद्र्य गाठते, असे दाखवले. कोकणात याच्या जोडीला वर्षाचेही चक्र आहे. मे महिन्यात चाकरमान्यांनी भरलेले गाव जुलैत वेगळे दिसते. मासेमारीबंदीत खलाशाची मिळकत थांबते, आणि उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबे हिवाळ्यातील पाहणीत सापडतच नाहीत. म्हणून किमान दोन ऋतूंत जावे.

कारणे लिहिताना सर्वाधिक सावधगिरी हवी. गरिबांच्या वृत्ती व सवयी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहून गरिबी टिकते, ही मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांची ‘दारिद्र्याच्या संस्कृती’ची कल्पना हाताशी असली, की ‘इथल्या लोकांना कष्ट नकोत’ हे गावातल्याच एखाद्या प्रतिष्ठिताचे मत सिद्धांत म्हणून अहवालात शिरते. त्याआधी सातबारा पाहावा. खोती, म्हणजे खोताने कुळांकडून सारा वसूल करण्याची कोकणातील जुनी पद्धत, नष्ट करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधेयक मांडले आणि कायदा १९४९ मध्ये झाला. कोणत्या वाडीतील कुळांची नावे पुढे जमिनीला लागली, कोणाची लागायची राहिली, सामाईक खात्यामुळे कोणाला कर्ज मिळत नाही आणि कोणाचे घर दुसऱ्याच्या जागेवर उभे आहे, हे तपासावे.

मुलाखती केवळ कुटुंबप्रमुखाच्या घेऊ नयेत. मासळी विकणाऱ्या बाईशी तिचा बाजार आटोपल्यावर स्वतंत्रपणे बोलावे, आणि होडी, घर व बँकेचे खाते कोणाच्या नावावर आहे, हे तिलाच विचारून वेगळ्या रकान्यात लिहावे.