‘मोटर कार्बन खाते’ म्हणण्याआधी: कार्बन ब्रश ठरवताना या चुका टाळा

चवथीच्या आधीचे पंधरा दिवस फोंड्यातल्या आमच्या दुकानात मिक्सरांची रांग असते. घर पाहुण्यांनी भरलेलं, खतखत्याचं वाटण अर्धवट, आणि नेमका तेव्हाच मिक्सर खालून ठिणग्या टाकायला लागतो. येणाऱ्याचं वाक्य ठरलेलं: “कार्बन संपला, नवा घाला.” त्यानंतरचं वाक्य तीन महिन्यांनी ऐकायला मिळतं: “ही मोटर कार्बन खाते हो.”

खाणारच. कार्बन म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला घासून त्यात वीज पोचवणारा छोटा ठोकळा; झिजणं हेच त्याचं काम आहे. तो झिजतो म्हणून कम्यूटेटर, म्हणजे फिरत्या भागावरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, वाचतो. पण वर्षं काढायची ती जोडी महिन्यांत संपली, तर दहातल्या आठ वेळा दोष मोटरचा नसतो, कार्बन निवडणाऱ्याचा असतो. हे मी अधिकाराने सांगतो, कारण दोषी बहुतेक वेळा मीच होतो. वीस वर्षं वायंडिंग केल्यावर एका छोट्या कारखान्यासाठी कार्बनची ड्रॉइंग करायचं काम अंगावर आलं. मेकॅनिकांच्या ज्या चुकांना मी हसायचो, त्या सगळ्या मी कागदावर करून पाहिल्या.

तांबं जास्त, म्हणजे माल चांगला

ही माझी पहिली आणि सगळ्यात महाग चूक. २३० व्होल्टच्या कटरसाठी मी हौसेने तांबं मिसळलेला, लालसर झाक असलेला कार्बन मागवला. हिशेब सरळ वाटला: वीज सहज वाहील, उष्णता कमी होईल. दुसऱ्या दिवशी कम्यूटेटरच्या पट्ट्यांच्या कडा करपलेल्या होत्या.

ब्रश हे नाव कुठून आलं ते आठवलं असतं तर बरं झालं असतं. सुरुवातीच्या यंत्रांत खरंच तांब्याच्या तारांचे कुंचले कम्यूटेटरवर घासायचे आणि भरपूर ठिणग्या उडवायचे. १८८० च्या दशकात त्यांच्या जागी कार्बन आला आणि ठिणग्या आटोक्यात आल्या, त्या कार्बन तांब्यापेक्षा *वाईट* वाहक आहे म्हणून. ब्रश दोन पट्ट्यांवर एकदम बसतो तेव्हा त्या दोघींमधली कॉइल क्षणभर शॉर्ट होते, आणि तेवढ्या वेळात तिच्यातला प्रवाह उलटा व्हायचा असतो. मिक्सर, ड्रिल, कटर यांच्या मोटरी एसीवर चालतात. त्यांचं फील्डही, म्हणजे चुंबकीय क्षेत्रही, सतत पालटत असतं, त्यामुळे शॉर्ट झालेल्या कॉइलमध्ये ट्रान्सफॉर्मरसारखा वेगळा विद्युतदाब तयार होतो. या गोल फिरणाऱ्या प्रवाहाला अडवायला तिथे ब्रशचा स्वतःचा रोधच असतो. मी तोच काढून टाकला होता. अशा मोटरींना रेझिनने बांधलेला, जास्त रोधाचा ग्रॅफाइट लागतो.

उलटी चूक मालिमच्या जेटीवरून आली. ट्रॉलरच्या तळातलं पाणी उपसणारा १२ व्होल्टचा पंप. कुणीतरी त्यात मिक्सरचा कार्बन मापात घासून बसवलेला. “पात्रांव, पंप कार्बन खाता,” अशी तक्रार. पंप खात काहीच नव्हता, उपाशी होता. साध्या कार्बनच्या जोडीवर साधारण दोन व्होल्ट सांडतात. २३० मधून दोन गेले तर एक टक्कासुद्धा नाही, १२ मधून दोन गेले तर सहावा हिस्सा गेला. तिथे मात्र तांबं भरपूर असलेलाच कार्बन हवा. त्याची जोडी अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी खाते. गाडीच्या स्टार्टरचंही तेच.

मोठा आणा, घासून बसवा

म्हापशाच्या बाजारात किंवा कुठेही, नेमका आकार मिळाला नाही की मोठा कार्बन घ्यायचा आणि फरशीवर पॉलिश पेपर पसरून घासायचा. अडचणीच्या वेळी मीही केलंय, पुन्हाही करीन. पण ड्रॉइंग करताना हीच सवय डोक्यात राहिली की घात होतो.

कार्बनच्या ठोकळ्याला आतून थर असतात. दाबून बनवताना ग्रॅफाइटचे पापुद्रे दाबाच्या दिशेला आडवे होऊन एकावर एक बसतात, बेबिंकाच्या थरांसारखे. थराच्या अंगाने वीज सहज जाते, थर ओलांडून जायला तिला जड जातं. आपल्याला हवंय काय? कम्यूटेटरपासून वायरीपर्यंत वीज सहज यावी, पण एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर जाताना अडावी. म्हणजे थर उभे हवेत आणि त्यांची पाठ फिरण्याच्या दिशेला. तोच ठोकळा नव्वद अंशांत फिरवून कापला तर मापं तीच, रंग तोच, आणि ठिणग्या दुप्पट. ड्रॉइंगवर दाबाची दिशा बाणाने दाखवली नाही, तर कापणारा आपल्या सोयीने कापणार. त्याचं काय चुकलं?

कार्बन ज्या खोबणीत बसतो त्या होल्डरमधली फटही इथेच बिघडते. छोट्या मोटरींत मी कार्बन आणि होल्डर यांच्यात ०.०५ ते ०.१५ मिमी फट धरतो. हाताने घासलेल्या कार्बनला एकीकडे फट तिप्पट आणि दुसरीकडे शून्य असते. सैल कार्बन होल्डरमध्ये कलतो, आणि उलट-सुलट फिरणाऱ्या ड्रिलमध्ये दर वेळी दुसऱ्या बाजूला कलतो, मग त्याच्या तोंडाला दोन उतार पडतात. घट्ट कार्बन अडकतो. चिरे कापणाऱ्या कटरमध्ये तर लाल धूळ फटीत शिरते, पावसाळी दमटपणात तिचा लगदा होतो, आणि स्प्रिंग ढकलत असूनही कार्बन खाली उतरत नाही. लोक स्प्रिंग बदलतात. आधी बोटाने कार्बन वरखाली करून पाहा.

स्प्रिंग म्हणजे फक्त ढकलणी

मोठ्या मोटरींची पुस्तकं दर चौरस सेंटिमीटरला १८० ते २५० ग्रॅम दाब सांगतात. तो आकडा मिक्सरला लावू नका. छोट्या, वेगवान, थरथरणाऱ्या मोटरींना ३०० ते ५०० लागतो. हिशेब करून बघू: ७५० वॅटचा मिक्सर भाराखाली साडेतीन ते चार अँपिअर घेतो. कार्बन ६ बाय १० मिमी धरला तर तोंड ०.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६ अँपिअर, रेझिनच्या ग्रेडला, म्हणजे त्या जातीच्या कार्बनला, झेपेल एवढे. ४०० ग्रॅमच्या हिशेबाने स्प्रिंगने २४० ग्रॅम द्यायला हवेत.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यायचा, स्प्रिंग होल्डरमध्ये असते तेवढ्या लांबीपर्यंत त्यावर दाबायची. मात्र दोनदा: एकदा नव्या कार्बनच्या लांबीला, एकदा झिजलेल्या. साधी गुंडाळीची स्प्रिंग सुटत जाते तशी ढिली होते. नव्याला २४० आणि शेवटी ११० अशी निघाली, तर शेवटचा तिसरा हिस्सा कार्बन वापरायचाच नाही असं समजा. दाब कमी पडला की कार्बन उड्या मारतो आणि ठिणगीने जळतो. दाब जास्त झाला तर घासून झिजतो. मधली जागा अरुंद आहे.

खात्री म्हणून कार्बनच मोठा घेऊ, हा मोहही टाळा. तोंड मोठं झालं की अँपिअर पसरतात, आणि फार कमी अँपिअरवर कम्यूटेटरवर कार्बनला घसरायला लागणारा थरच नीट बसत नाही, तांब्यावर बारीक रेघा पडतात. शिवाय रुंद कार्बन जास्त पट्ट्या एकदम शॉर्ट करतो.

आणखी एक: पिगटेल, म्हणजे कार्बनमधून निघणारी तांब्याची वेणी, पैसे वाचवायला काढू नका. मग सगळी वीज स्प्रिंगमधून जाते, स्प्रिंग तापून नरम पडते. समुद्राजवळ ही वेणी कथिलाचा मुलामा दिलेली मागवा. साधी असली तर दोन पावसाळ्यांत हिरवी होऊन तुटते.

सिलिकॉन

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण हे माहीत नसल्यामुळे माझं एक अख्खं वर्ष गेलं.

मे महिना उजाडला की गोव्यात सगळीकडे सिलिकॉन सीलंटच्या नळ्या निघतात. खिडक्या, पत्रे, पाण्याच्या टाक्या, पाऊस यायच्या आत जे दिसेल ते बुजवायचं. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे छोटे ब्लोअर होते, बंद डब्यातल्या मोटरींचे. कार्बन दोन-दोन वर्षं टिकायचा. एका जूनमध्ये तीन आठवड्यांत चारही ब्लोअरचे कार्बन खलास. मी ग्रेड बदलली. पुन्हा तेच. स्प्रिंग बदलली, कम्यूटेटर लेथवर घेतला, पुरवठादाराशी भांडलो. तो बिचारा निर्दोष होता. पाणी आत जाऊ नये म्हणून डब्यांच्या झाकणांना आतून सिलिकॉन फासलं होतं.

सिलिकॉन सुकताना आणि नंतर तापतानाही त्याची वाफ सुटते. ती ब्रशखालच्या ठिणगीत जळते आणि मागे उरते सिलिका, म्हणजे वाळूच. कार्बन आणि तांबं यांच्यामध्ये अत्यंत बारीक, कठीण भुकटी अडकते, आणि कार्बन पेन्सिल शार्पनरमध्ये घातल्यासारखा संपतो. हवा खेळती असेल तर त्रास कमी, बंद डब्यात सगळ्यात वाईट. कार्बनवर काहीच खूण दिसत नाही म्हणून निदान सापडत नाही.

तेव्हापासून मी मोटरीच्या आतल्या वायरींवर सिलिकॉनच्या नळ्या येऊ देत नाही, सिलिकॉनचं ग्रीस नाही, सिलिकॉनचा स्प्रे नाही. कार्बन अकारण झपाट्याने संपतोय असं वाटलं की माझा पहिला प्रश्न असतो: जवळपास कुठे काय चिकटवलंत?

तांबं चकचकीत करण्याचा सोस

समई घासतो तसा कम्यूटेटर घासणारे मेकॅनिक आपल्याकडे खूप. त्यावर दिसणारा चॉकलेटी थर म्हणजे मळ नव्हे. तो तांब्याचा ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि हवेतली वाफ यांचा बनलेला असतो आणि त्यावरच कार्बन घसरतो. एकसारखा तपकिरी, अगदी काळपट असला तरी हात लावू नका. पट्टे, डाग, एखादीच पट्टी काळी असेल तर बघा. आणि एमरी पेपर तर नाहीच: त्याची भुकटी पट्ट्यांच्या फटीत अडकते, कार्बनमध्ये रुतते. साधा बारीक सँडपेपर घ्या.

वाफेचं महत्त्व दुसऱ्या महायुद्धात विमानांनी शिकवलं. फार उंचीवरच्या कोरड्या हवेत जनरेटरचे कार्बन काही तासांत भुकटी होऊन जायचे, कारण ओलावा नसला की ग्रॅफाइट निसरडं राहत नाही. आपल्याला ती चिंता नाही. तीस अंश आणि ऐंशी टक्के दमटपणा म्हणजे दर घनमीटर हवेत २४ ग्रॅम पाणी. कार्बनला ८ ते १५ ग्रॅम भरपूर होतात. आपली अडचण वेगळी आहे: बंद पडून राहिलेली मोटर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ६१ दिवस पंप एकाच जागी उभा. खारट ओलाव्यात कार्बन आणि तांबं यांची छोटी बॅटरीच बनते, आणि कार्बनच्या खालच्या पट्ट्यांवर त्याचा चौकोनी ठसा उमटतो. ऑगस्टमध्ये मोटर फिरवली की प्रत्येक फेरीला कार्बन त्या ठशावर आपटतो. उपाय फुकट आहे: बंदी लागली की कार्बन काढून कोरड्या डब्यात ठेवा, कुठला कुठल्या बाजूचा ते लिहून, कारण परत बसवताना बाजू बदलली तर बसलेलं तोंड वाया जातं.

नवा कार्बन बसवल्यावर लगेच भार देऊ नका. डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्ट कमी-जास्त करायचं यंत्र, असेल तर कमी व्होल्टवर, नसेल तर मिक्सर रिकामा, मध्ये मध्ये थांबवत फिरवा, तोंड बऱ्यापैकी गोल बसेपर्यंत.

कार्बनवर फुटणारं दुसऱ्याचं खापर

कम्यूटेटरभोवती ठिणग्यांचं पूर्ण कडं फिरत असेल तर कार्बन बदलून काही होत नाही. आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागात, कॉइल तुटली आहे किंवा शॉर्ट आहे. एकच पट्टी कडेला जळलेली असणं हीही तीच खूण. ग्राउलरवर, म्हणजे आर्मेचरमधला दोष शोधणाऱ्या यंत्रावर, तपासा. कार्बनच्या कडा टवके उडाल्यासारख्या असतील तर पट्ट्यांमधला वीज अडवणारा मायका वर आला आहे. काही मोटरींत मायका मुळातच पट्ट्यांच्या बरोबरीने ठेवलेला असतो. त्यांना मुद्दाम किंचित खरखरीत ग्रेड देतात, तिथे मऊ कार्बन चालत नाही. कम्यूटेटर डायल गेजवर ०.०३ मिमीपेक्षा जास्त डुलला की मी लेथवर घेतो.

आणि वायंडिंगवाल्यांनो, आपल्याबद्दल एक गोष्ट. मिक्सर दुसऱ्याकडून वायंडिंग भरून आला आणि तेव्हापासूनच ठिणग्या आहेत असं असेल, तर कॉइलची टोकं कम्यूटेटरवर एक घर पुढे-मागे जोडली गेली आहेत का बघा. छोट्या मोटरींत ब्रश हलवता येत नाहीत; जोडणी चुकली की जगातला कुठलाही कार्बन ती सावरत नाही. मी स्वतः एका आर्मेचरवर तीन जोड्या कार्बन घातल्यावर हे मोजायला बसलो होतो.

नमुन्याचा कार्बन किती टिकेल हे विचारलं की हल्ली मी अंदाज सांगत नाही, व्हर्निअर लावतो. पहिले काही तास सोडून द्यायचे, तेव्हा तोंड बसत असतं. मग लांबी मोजायची, मोटर पन्नास तास खऱ्या भारावर चालवायची, पुन्हा मोजायची, दोन्ही कार्बन वेगवेगळे. समजा १८ मिमीचा कार्बन ६ मिमीला काढायचा आहे आणि पन्नास तासांत १ मिमी गेला: आयुष्य ६०० तास. रोज दहा मिनिटं चालणाऱ्या घरच्या मिक्सरला ते जवळजवळ दहा वर्षं पुरेल. तोच कार्बन चिऱ्यांच्या कटरमध्ये रोज चार तास चालला, तर पाच महिन्यांत गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर.