पावसाळ्यापूर्वी डुकरे व गुरे यांची जिवाणूजन्य रोगांपासून काळजी

गोव्यात जूनमध्ये पाऊस लागताच गोठ्यात ओल साचते, म्हणून घटसर्पाची लस गाई-म्हशींना मे महिन्यातच टोचून घ्यावी. रोग दिसल्यावर धावाधाव करून फारसा उपयोग होत नाही, कारण गळा सुजून घरघर लागलेले जनावर पुष्कळदा एका दिवसातच दगावते.

डुकरांच्या बाबतीत एरिसिपेलास हा जिवाणूजन्य रोग ओळखणे विशेष महत्त्वाचे आहे. डुक्कर अन्न सोडते, ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या वर जातो आणि पाठीवर व कुशीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे तांबडे, किंचित उंचावलेले चट्टे उठतात. मात्र अगोंदा गोवनसारख्या बहुतांशी काळ्या देशी डुकरांत ते डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा तळहात पाठीवरून सावकाश फिरवून उंचवटे चाचपावेत. वेळीच पशुवैद्य आल्यास पेनिसिलीनने हा रोग बहुधा आटोक्यात येतो.

औषध मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये. आफ्रिकन स्वाइन फीव्हरमध्येही ताप व लाली असते, पण तो विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविके त्यावर निरुपयोगी ठरतात. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुखाद्यातील व उपचारांतील वापर तर भारतात २०१९ पासून बंद आहे. दिलेला कोर्स अर्धवट सोडू नये, आणि पशुवैद्याने सांगितलेला काळ उलटेपर्यंत दूध किंवा मांस विकू नये.

उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसालाही होतो. त्यामुळे साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नये, गमबूट घालावेत.