जुन्या गाडीचे मिसिंग : व्हॅक्यूम पाइप बदलणे आणि खरा दोष शोधणे

विदर्भातल्या खेड्यांत कार्ब्युरेटरच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग असलेल्या) मारुती 800 आणि ओम्नी अजूनही काही अंगणांत उभ्या दिसतात. आठवडी बाजार, तालुक्याचा दवाखाना आणि हंगामात तुरीची दोन-चार पोती, एवढ्या कामाला त्या पुरतात. या गाड्यांची नेहमीची तक्रार म्हणजे मिसिंग: उभ्या गाडीत इंजिन धडधडते, रेल्वे फाटकाशी थांबले की बंद पडते, आणि निघताना दोन झटके देऊन मग ओढ घेते. तीनपैकी एखादा सिलिंडर अधूनमधून पेटत नाही, त्याचा हा परिणाम असतो. अशा वेळी बहुतेक जण आधी प्लग बदलतात, मग प्लगवायर, मग कॉइल, आणि इतका खर्च झाल्यावर दोष वीतभर रबरी नळीत सापडतो. म्हणून येथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी व्हॅक्यूम पाइप, नंतर ठिणगी आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. उदाहरण 796 सीसीच्या तीन सिलिंडरी कार्ब्युरेटर इंजिनाचे घेतले आहे. चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल गाडीलाही हीच पद्धत लागू पडते.

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो आणि ॲक्सिलेटर सोडलेला असताना कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ बंद असते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या वाटेत, जोराची ओढ (व्हॅक्यूम) तयार होते. हीच ओढ बारीक नळ्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोचवणाऱ्या भागाच्या) डबीपर्यंत, काही मॉडेलांत ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरपर्यंत, आणि क्रँककेसमधल्या वाफा परत खेचणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हपर्यंत पोचवलेली असते. नळीला चीर पडली की तिथून कार्ब्युरेटरला न विचारता हवा आत शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडते. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलेटर सोडून इंजिन नुसते चालू असताना, ते मुळातच थोडी हवा घेते, म्हणून चिरेतली हवा तेव्हा जास्त बाधते. ॲक्सिलेटर दाबला की एकूण हवा वाढते, ओढ कमी होते आणि तीच चीर जवळजवळ निरुपद्रवी ठरते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण निम्मे निदान त्यातच आहे. उभ्याने मिसिंग आणि वेगात ठीक असे असेल, तर संशय पाइपांवर घ्यावा. भरल्या गाडीने चढ चढताना मिसिंग होत असेल, तर प्लग, वायर किंवा कॉइल पाहावी. सगळ्याच वेगांत एकसारखे मिसिंग असेल, तर एखादा सिलिंडर पूर्ण मेलेला असण्याची शक्यता मोठी.

आपल्या भागात या नळ्या लवकर जातात. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि गाडी बंद केल्यानंतर बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते; त्या भाजणीत रबर कडक होऊन निपलच्या, म्हणजे नळी ज्यावर चढवतात त्या बारीक टोकाच्या, कडेशी तडकते. दिवाळीच्या आसपास सोयाबीन आणि पुढे तूर घरात येते, तेव्हा धान्यामागे आलेले उंदीर रात्री उबेसाठी इंजिनावर बसतात आणि नळ्या कुरतडतात. त्यात आता पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी घडवलेले नव्हते, त्यामुळे पेट्रोल आणि त्याच्या वाफा वाहणाऱ्या नळ्यांकडे अधिक बारकाईने पाहावे.

गळती शोधणे

हे काम सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करावे. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, म्हणून तिथे सीट उचलावी लागते. प्रत्येक नळी बोटांत धरून हलकेच वाकवावी. चांगले रबर वाकते आणि परत येते. खराब रबर एक तर चॉकलेटच्या कागदासारखे करकरते, नाहीतर तेल पिऊन फुगलेले आणि चिकट लागते. चीर बहुधा मधे नसते, ती टोकापासून बोटभर अंतरात आणि नेमकी खालच्या बाजूला, नजरेआड असते. त्यासाठी दाढीचा लहान आरसा फार उपयोगी पडतो.

त्यानंतर इंजिन सुरू करून गरम होऊ द्यावे. बाही दुमडावी, गळ्यातला दुपट्टा बाजूला ठेवावा आणि रेडिएटरच्या पंख्यापासून हात दूर ठेवावा, कारण तो विजेवर चालतो आणि केव्हाही अचानक फिरू लागतो. मीटरभर लांबीच्या रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक प्रत्येक सांध्याजवळ फिरवले, की गळतीची बारीक सुरसुर ऐकू येते. दुसरा उपाय म्हणजे पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून एकेक नळी क्षणभर दाबणे: नळी दाबताच इंजिनाचा आवाज सुधारला, तर गळती दाबलेल्या जागेच्या पुढे, म्हणजे मॅनिफोल्डपासून दूरच्या बाजूला आहे. कार्ब्युरेटरच्या बुडाचे आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग तपासण्यासाठी फवारणीच्या बाटलीतून पाण्याची बारीक धार मारावी. पाण्याने फट घटकाभर बुजते आणि आवाज बदलतो. गॅरेजमध्ये यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर मारतात, परंतु तो भडकन पेट घेणारा आहे, त्यामुळे तापलेल्या एक्झॉस्टशेजारी घरी वापरू नये. अगरबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते पाहण्याचा सल्लाही कोणी देतो. पेट्रोलच्या वाफांत निखारा नेण्याची ही कल्पना मला मुळीच मान्य नाही.

व्हॅक्यूम गेज मिळाला, तर काम आणखी सोपे होते. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन स्लोवर 17 ते 21 इंच पारा दाखवते आणि दर 300 मीटर उंचीमागे सुमारे एक इंच कमी होतो. म्हणून नागपूर-वर्ध्याकडे 16 ते 20 इंच हे ठीक समजावे. चिखलदऱ्याला हेच इंजिन त्याहून दोन-अडीच इंच कमी दाखवील आणि तो दोष नव्हे. काटा स्थिर पण खाली असेल, तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). ठरावीक तालात झटके देत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडर.

डिस्ट्रिब्युटरची डबी तपासण्याची जुनी रीत तोंडाने ओढण्याची आहे. इंजिन बंद करून कॅप काढावी, डबीला स्वच्छ नळी लावून हवा ओढावी आणि नळीचे टोक जिभेने बंद करावे. आतली पट्टी किंचित सरकून तिथेच राहिली, तर पडदा शाबूत आहे. सरकून लगेच परत आली, तर पडदा फाटला आहे आणि नळी बदलूनही उपयोग नाही. अनेक कार्ब्युरेटरांत या डबीचे छिद्र झडपेच्या वर असते, त्यामुळे तिथली गळती स्लोवर कळत नाही, ती पिकअप मंदावल्याने कळते.

नळी बदलताना

सर्वांत आधी मोबाइलवर तीन-चार बाजूंनी फोटो घ्यावेत आणि वहीत साधी आकृती काढावी. एका वेळी एकच नळी काढावी आणि तीच बसवून मगच दुसरीला हात लावावा. जुनी नळी ओढून काढू नये. कडक झालेले रबर निपलला घट्ट धरून बसते आणि ओढताना प्लास्टिकचे निपल मोडते किंवा कार्ब्युरेटरमधले पितळी निपल मुळासकट निघते. ब्लेडने नळीवर लांबीच्या दिशेने हलकी चीर द्यावी आणि शेंग सोलावी तसे रबर उलगडून घ्यावे.

नव्या नळीचा आतला व्यास जुन्या टोकावरून मोजू नये, ते टोक फाकलेले असते. मधला तुकडा कापून दुकानात न्यावा. जाड भिंतीची, तेल आणि पेट्रोल सोसणारी नळी मागावी. सलाईनची नळी स्वच्छ दिसते आणि फुकट मिळते म्हणून ती अनेक गाड्यांत बसवलेली असते, पण उष्णतेत ती मऊ पडून ओढीने आतल्या आत चपटी होते. बाहेरून चीर दिसत नाही आणि दोष सापडता सापडत नाही. चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे हा घरी पोचण्यापुरता उपाय आहे. ब्रेक बूस्टरची नळी मात्र मूळ भागच घ्यावा आणि तिच्यातील एकेरी व्हॉल्व्हची दिशा जुन्याप्रमाणेच ठेवावी, कारण तिथे प्रश्न मिसिंगचा नसून ब्रेकचा आहे.

टोक ब्लेडने काटकोनात कापावे, गरम पाण्याच्या पेल्यात अर्धा मिनिट बुडवावे आणि किंचित फिरवत दीड सेंटिमीटरपर्यंत निपलवर चढवावे. तेल किंवा ग्रीस लावू नये. वळणावर नळी दुमडत असेल, तर ती थोडी लांब घेऊन मोठा वळसा द्यावा आणि एक्झॉस्टपासून दूर बांधावी.

यानंतरचे एक काम हमखास विसरले जाते. माझ्या गाडीत स्लोचे मिसिंग होते तेव्हा तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये नळ्या न पाहताच कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू (स्लोचे मिश्रण जुळवणारा) उघडून पेट्रोल वाढवून दिले. धडधड थांबली, पण ॲव्हरेज उतरले आणि चार महिन्यांत प्लग काजळीने भरले. पुढे मी फुटकी नळी शोधून बदलली, तर गाडी आधीपेक्षाही वाईट चालू लागली आणि काळा धूर सोडू लागली, कारण गळती गेली होती आणि तिच्यासाठी वाढवलेले पेट्रोल तसेच होते. म्हणून नळी बदलल्यावर इंजिन पूर्ण गरम करून मिश्रण पुन्हा जुळवावेच. स्क्रू पूर्ण बंद होईपर्यंत हलक्या हाताने किती फेरे फिरतो ते आधी मोजून लिहावे. दाबून घट्ट केल्यास सुईचे टोक खराब होते. मग मूळ जागी आणून पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत समतोल चालेल ती जागा शोधावी आणि स्लोच्या स्क्रूने गती 800 ते 900 फेऱ्यांवर आणावी.

तरीही मिसिंग राहिले तर

आता कोणता सिलिंडर पेटत नाही ते ठरवावे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिच्यात जादा प्लग अडकवून त्याचे लोखंड इंजिनाला घट्ट टेकवून बांधावे आणि मग इंजिन काही सेकंदच चालवावे. वायर मोकळी लोंबत ठेवल्यास कॉइलवर ताण येतो आणि धक्का बसतो. ज्या सिलिंडरची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तोच दोषी.

त्या सिलिंडरचा प्लग इंजिन थंड झाल्यावरच काढावा, कारण हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि गरम असताना आटे खराब होतात. टोक बदामी असेल तर ठीक; पांढरे असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी, म्हणजे कुठेतरी गळती शिल्लक आहे; कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त; तेलकट ओले म्हणजे पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील खराब; आणि नुसते पेट्रोलने ओले असेल तर ठिणगीच नाही. पेट्रोल गावातल्या दुकानातून बाटलीत घेतलेले असेल, तर काचेच्या बाटलीत थोडे रात्रभर ठेवून तळाशी वेगळा थर दिसतो का तेही पाहावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लगची फट 0.7 ते 0.8 मिलिमीटर आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे तुकडे) असल्यास त्यांची 0.4 ते 0.5 मिलिमीटर ठेवावी.

वायरींची परीक्षा अंधारात उत्तम होते. रात्रीच्या लोडशेडिंगचा एवढा तरी उपयोग आहे. इंजिन चालू ठेवून हात न लावता पाहावे: फुटलेल्या वायरीतून निळी ठिणगी बाजूच्या लोखंडावर उडताना स्पष्ट दिसते. पावसाळ्यातच मिसिंग होत असेल, तर इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आत केसासारखी काळी रेघ आहे का ते पाहावे; रेघ असलेली कॅप पुसून सुधारत नाही, ती बदलावीच लागते. वायरी परत लावताना पेटण्याचा क्रम 1-3-2 चुकवू नये.

ठिणगी चांगली, नळ्या नव्या आणि तरी सिलिंडर मेलेलाच असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. त्यासाठी सगळे प्लग काढलेले, कॉइलचा वीजपुरवठा तोडलेला आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला असावा. सिलिंडरांमध्ये दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा जास्त फरक असेल, तर कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर आधी टॅपेट सेटिंग करून, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवून पाहावे, कारण फट फार कमी राहिल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट उडालेले असण्याची शक्यता जास्त, आणि हेड उघडण्याचे हे काम इंजिनाच्या मिस्त्रीकडेच सोपवावे.